लांब शब्दांचे सांधे

अंबरपेठेत वाढलेली माझी भाची तेलुगूच्या सवयीने ‘अंबरपेट’ म्हणते. ‘ठ’चा ‘ट’ झाला तरी जोड दिसते. ‘ग्रंथालय’पाशी मात्र ती अडली. "मामा, ग्रंथा म्हणजे काय, आणि लय?"

उच्चारात ग्रं-था-लय, अर्थात ग्रंथ आणि आलय. संधीत दोन स्वर एक झाले नि सांधा ‘था’मध्ये लपला. डच लोकही शब्दाला शब्द चिकटवून लांबलचक नामे करतात. पण ओळीअखेर ती मूळ शब्दांच्या सांध्यावर तोडतात. इथे तसे करू गेले तर अक्षरच फुटते!

मराठी केवळ घरातच कानी पडणाऱ्या पोरांना व्याकरणाआधी ‘आलय म्हणजे घर’ सांगावे, असे माझे मत. तेवढ्यावर तिने हिमालय सोडवला. ‘विद्यार्थी’ मात्र अजून ‘विद्या’ आणि ‘र्थी’च आहे.