फटफटीवरचं एरियल

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि त्याच हिवाळ्यात आमच्या फटफटीपासून एरियल वेगळं झालं. पहिल्या घटनेची नोंद सरकारदरबारी आहे. दुसरीची आमच्या घरी.

आता, फटफटीला एरियल कशाला, असं कुणीही विचारील. बायकोने विचारलंच. पण वडील त्याच वर्षी गेले होते. जन्मभर खानदेशात राहून त्यांचं तोरणमाळ राहून गेलं. दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की!" माणूस नेणं झालं नाही, निदान त्याचा ट्रान्झिस्टर तरी न्यावा, असं मी ठरवलं. त्याचा दांडा केव्हाच मोडला होता. म्हणून हातभर लांबीचा नवा आणला, पातळ पत्र्याची पट्टी वाकवून हँडलवर बसवला आणि तिथून वायर काढून कॅरिअरवरच्या रेडिओला जोडली.

बायको म्हणाली, "आता झेंडाही लावा. लोक पालकमंत्री समजून रस्ता देतील."

प्रकाशाला तापी ओलांडेपर्यंत दांडा डौलात डोलत होता. शहाद्याच्या अलीकडे 'टिंग' असा आवाज झाला.

"गेलं मंत्रिपद!" मागून बातमी आली.

शहाद्यात एक वेल्डिंगवाला गाठला. विशीतला पोरगा. त्यानं तुटकी पट्टी डोळ्यांजवळ नेली. "भाऊ, वाकवली तिथंच तुटली. इंजिनाची सगळी थरथर त्या वाकात बसते. आणि दांडा जेवढा लांब, तेवढा खाली झटका मोठा." भंगारातून त्यानं जाड पट्टी काढली, कापली, कोपऱ्याला तिरपा आधार जोडला आणि बोल्टखाली जुन्या ट्यूबचे गोल तुकडे घातले. नट आवळता आवळता विचारलं, "स्टेशन कोणतं लावता?"

"जळगाव. मीडियम वेव्ह."

पाना थांबला. "मग दांडा कशाला? तो शॉर्ट वेव्हला. मीडियम वेव्हचं एरियल रेडिओच्या पोटातच असतं. तार गुंडाळलेली काळी कांडी. आवाज नाही आला तर अख्खा रेडिओ फिरवायचा. आमचे वडील रेडिओच दुरुस्त करायचे."

मी गप्प. जळगाव आकाशवाणी १९७६ साली सुरू झाली, तेव्हा मी हायस्कुलात होतो. संध्याकाळी बाजारभावांत खरखर आली की वडील मला दांडा धरून उभं करीत. "हलू नकोस!" मग स्वतः रेडिओ इकडेतिकडे वळवीत. आवाज स्वच्छ झाला की म्हणत, "बघ, तू धरलास म्हणून लागलं!" किती वर्षं मी त्या कर्तबगारीवर छाती फुगवून फिरलो होतो!

"मग ठेवू की काढू?" पोरानं विचारलं.

"ठेव."

पट्टीचे आणि वेल्डिंगचे पैसे त्यानं घेतले. रबराचे घेतले नाहीत.

सातपायरीचा घाट चढून यशवंत तलावाशी पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. रेडिओ लावला. नुसती खरखर. रेडिओ उचलून वळवायला लागलो, तर बायको फटफटीपाशी दांडा घट्ट धरून उभी.

"अगं, त्याचा काही उपयोग नाही. ऐकलंस ना तूही?"

"ऐकलं. तुम्ही फिरवा. मी हलत नाही."

मी रेडिओ वळवला. खरखर विरली आणि जळगाव लागलं. बाजारभाव संपत आले होते. माझा आवाज मात्र नीट निघेना.

"बघ," मी म्हणालो, "तू धरलास म्हणून लागलं."