पूर्वज्ञानाचे सदर

शिक्षकाच्या टाचणवहीत 'पूर्वज्ञान' नावाचे एक सदर असते. इतके धाडसी सदर ज्योतिषाच्या वहीतही नसेल! रात्री स्वयंपाकघर आवरून दिव्याखाली बसायचे आणि उद्या समोर येणाऱ्या चाळीस मुलांना काय काय ठाऊक आहे, हे दोन ओळींत लिहून मोकळे व्हायचे.

तरी टाचणाची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट (१७७६–१८४१) याच्या शिष्यांनी पाठाला पाच पायऱ्या घालून दिल्या आणि 'पंचपदी' म्हणून त्या आमच्याकडे शिक्षकांच्या पिढ्यांनी घोकल्या. त्यात तथ्य आहे. टाचण न काढता वर्गात जाणारा मास्तर पुढच्या दोन बाकांशी गप्पा मारून परत येतो. मागच्या बाकांची आठवण वहीच ठेवते.

आमची नवी मुंबई तर टाचण काढूनच वसवलेली. १९७० साली सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले आणि भातखाचरांवर सेक्टरांचे आकडे पडले. पण त्या आकड्यांच्या मधोमध करावे, सारसोळे, दिवाळे ही गावे आपापल्या वाकड्या गल्ल्यांसह बसून आहेत. तिथली मुले माझ्या वर्गात येतात.

गेल्या माघात सातवीला भरती-ओहोटीची उजळणी होती. टाचण चोख होते : पृथ्वीगोल, चंद्र म्हणून चेंडू, फळ्यावर आकृती. अकराच्या सुमारास खिडकीबाहेरून फ्लेमिंगोंचा गुलाबी थवा खाडीकडे निघाला आणि सारा वर्ग खिडकीशी! मी विचारले, "हे आत्ताच का बरे निघाले?"

भूगोलाच्या तासाला कधी तोंड न उघडणारा, शेवटच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, ओहोटी लागली. चिखल उघडा पडला की ते खायला जातात. भरतीला तळ्यावर येऊन उभे राहतात."

"ओहोटी लागली, हे तुला इथे बसून कसे कळले?"

"आज बारस. तिथीची पाऊणपट करायची. बारा पाऊणे नऊ. नऊला भरती पुरी झाली. माझा आजा असाच हिशेब करून होडी काढतो."

मी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून टेबलावर मांडली. पुस्तक सांगते, भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. आजोबांचा पाऊण तास म्हणजे ४५. या पाच मिनिटांवरून वर्गात असा वाद पेटला की, चंद्राची गती, पौर्णिमा-अमावास्येचे उधाण, अष्टमीची भांगाची भरती, सारी उद्दिष्टे आपल्या पायांनी चालत आली. क्रम मात्र त्यांचा त्यांनी ठरवला! फळ्यावर आकृती नसती, तर ती पाऊणपट घटकाभराची गंमत ठरली असती. आणि पाखरे नसती, तर आकृती परीक्षेपुरती उरली असती.

हल्ली पूर्वज्ञानाच्या सदरात मी दोन ओळी लिहिते आणि त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडते. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर बोट ठेवले, तेव्हा म्हटले, "तेवढे मुलांनी भरायचे आहे." साहेबांनी माझ्याकडे पाहिले, वहीकडे पाहिले आणि सही केली.

खाडीकाठची होडी आज सांभाळतात ते आजोबाच. नातू उद्या कुठल्याशा कार्यालयात जाईल, आणि जावेच. पण जाताना ती पाऊणपट कुठेतरी उतरवून ठेवली गेली पाहिजे. माझ्या वहीत त्यासाठी दोन ओळींची जागा आहे.