आधी विचारावे, मग बदलावे

मनोरीच्या पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला खाडी. खाडीतली फेरीबोट माणसांना आणि दुचाकींना पलीकडे मार्वेच्या धक्क्यावर उतरवते. मोटारीला मात्र गोराई, उत्तन करीत भाईंदरचाच रस्ता धरावा लागतो. त्यामुळे आमच्या गावात दारातली मोटार ही निव्वळ चैनीची वस्तू नव्हे. रात्री-अपरात्री कुणाला इस्पितळात न्यायचे झाले, तर सारी भिस्त तिच्यावरच असते. आमच्या आईला आठवड्यातून दोनदा पहाटे डायलिसिससाठी न्यावे लागे. अशा घरची गाडी किल्ली फिरवूनही सुरू होऊ नये, म्हणजे काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

एका पावसाळ्यानंतर तसे होऊ लागले. चौथ्या-पाचव्या खेपेस इंजिन कसेबसे पेट घेई. गॅरेजवाल्याने नवी बॅटरी बसवली. दोष तसाच राहिला. मग तो म्हणाला, "पेट्रोलचा पंप बदलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून घरात शांतता पसरली.

माझ्या मामांची हयात होड्यांच्या इंजिनांवर गेलेली. ते म्हणाले, "बाय, बदलायचं काय ते मागाहून बघू. ती रुसते केव्हा, ते आधी सांग. थंड असताना की तापल्यावर? इंजिन जोरात फिरतं की कण्हत?"

या प्रश्नांत मोठे शहाणपण होते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच गतीने चाले आणि चोक हाताने ओढला जाई. मारुती ८०० मध्ये २००० साली फ्युएल इंजेक्शन आले. आमची छोटी गाडीही त्याच पिढीतली. अशा गाडीत टाकीतला पंप, इंजेक्टर, ठिणगी आणि या सर्वांना हुकूम देणारा छोटा संगणक असे सारेच विजेवर अवलंबून असते. म्हणून चौकशी विजेपासून सुरू करावी.

आमचे इंजिन कण्हतच फिरत होते. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आमची नवी बॅटरी तेवढे दाखवत होती. मामांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावली आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर वाटेत वीज अडते आहे असे समजावे. येथे तो एका व्होल्टहून अधिक होता! बॅटरीपासून इंजिनापर्यंत जाणारी अर्थिंगची जाड तार वरून धडधाकट दिसत होती. टोकाचे आवरण सोलताच आत हिरवट-पांढरा गंज निघाला. खाऱ्या वाऱ्याने तांबे पोखरले होते. स्टार्टरला पुरेशी वीज मिळत नव्हती आणि पंपाला व ठिणगीलाही कमी पडत होती. नवी तार टाकली आणि पहिल्याच खेपेस इंजिन सुरू झाले. पंप जुनाच राहिला.

इंजिन जोरात फिरूनही पेट घेत नसेल, तर पुढचे प्रश्न विचारावेत. किल्ली 'ऑन' केल्यावर टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते का? नसेल, तर पंपाचा फ्यूज व रिले आधी पाहावा. किल्ली दोन-तीनदा 'ऑन-ऑफ' करून मग गाडी चटकन सुरू होत असेल, तर रात्रीतून पेट्रोलचा दाब उतरत असावा. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबल्यावरच सुरू होत असेल, तर हवेच्या झडपेवर काजळी धरलेली असू शकते. फक्त थंड असताना हट्ट करीत असेल, तर तापमान सांगणारा सेन्सर तपासावा. थंड इंजिन तापले आहे असे त्याने संगणकाला कळवले, की पेट्रोल कमी सुटते. तापल्यावरच रुसत असेल, तर इंजिनाची फेरी मोजणारा सेन्सर किंवा गळका इंजेक्टर यांवर संशय घ्यावा. पेट्रोलच्या नळ्या मात्र घरी सोडवू नयेत. त्यांत दाब असतो आणि आगीचा धोका मोठा.

आमच्याकडे आता दर पावसाळ्यानंतर अर्थिंगची टोके उघडून पॉलिश पेपरने घासतात आणि घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावतात. अर्ध्या तासाचे काम. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने ते करावे. आणि कुणी एखादा भाग बदलायला सांगितला, तर कोणती चाचणी केल्यावर हे ठरले, एवढे नम्रपणे विचारावे. जाणता कारागीर या प्रश्नाने कधी रागावत नाही.