उताराचा गुडघा

पावसाळा लागला की साताऱ्यात पहाटे यवतेश्वरचा घाट धावणाऱ्यांनी भरून जातो. इथली हिल हाफ मॅरेथॉन याच घाटाने कासच्या दिशेने चढते आणि त्याच वाटेने खाली येते. खेळाडूंवर उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट म्हणून या दिवसांत मला एक तक्रार हमखास ऐकायला मिळते: "मॅडम, चढताना काही होत नाही. उतरताना गुडघा धरतो."

एवढं ऐकलं तरी बरंचसं कळतं. चढताना शरीर वर ढकलायचं काम पोटऱ्या आणि नितंबाचे स्नायू वाटून घेतात. उतरताना मात्र दर पावलाला शरीर थोपवावं लागतं आणि तो भार मुख्यतः मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतो. हा स्नायू ताणला जात असतानाच जोर धरून ठेवतो, आणि तो जोर गुडघ्याची वाटी मागे दाबतो. दुखणं वाटीच्या मागे किंवा भोवती असेल, जिना उतरताना किंवा एसटीत तासभर बसून उठताना जाणवत असेल, तर ते बहुधा या वाटीच्या सांध्याचं असतं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी, ठरावीक किलोमीटर झाल्यावरच सुरू होत असेल, तर आयटी बँडचा संशय घ्यायचा. मांडीच्या बाहेरून उतरणारा हा चिवट पट्टा फोम रोलर फिरवून लांब होत नाही. पट्ट्याखालचा नसांनी भरलेला चरबीचा थर दाबला जातो म्हणून दुखतं, असं आता अनेक अभ्यासक मानतात. त्याच जागी दात-ओठ खाऊन रोलर फिरवला, तर दबलेल्या भागावर आणखी दाब येतो, दुसरं काही नाही.

मग प्रश्न येतो, विश्रांती किती घेऊ? महिनोन् महिने रेंगाळलेले पुष्कळ गुडघे निव्वळ विश्रांतीमुळे रेंगाळलेले असतात, असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस महिनाभर धावणं बंद करतो. दुखणं थांबतं, पण त्याच महिन्यात मांडीचा स्नायू उतरतो आणि भार पेलायची गुडघ्याची ताकद आणखी खाली येते. बरं वाटलं म्हणून पहिल्याच रविवारी तो ग्रुपबरोबर जुन्याच पेसने जुनाच लाँग रन करतो. दुखणं परत येतं, या वेळी आधीपेक्षा कमी अंतरात. असं दोन-तीनदा झालं की "माझा गुडघाच गेला" अशी खात्री पटते, आणि मग एमआरआय निघतो.

त्या रिपोर्टने माणसं जितकी खचतात तितकी दुखण्यानेही खचत नाहीत. 'गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटली', 'झीज सुरू झाली' एवढंच डोक्यात राहतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. गादीला चीर असलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. म्हणजे चीर दिसली, एवढ्यावरून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. धावण्याने गुडघे झिजतात या समजाचंही तेच. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये आला, त्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघा आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के होतं, तर न धावणाऱ्या, बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के. धावल्याने संधिवात टळतो असं यावरून सिद्ध होत नाही. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत तर तो १३.३ टक्के होता. पण हौसेने धावणाऱ्या माणसाला भीती घालायला या आकड्यांत काही नाही.

मग करायचं काय? भार पूर्ण काढायचा नाही, मोजून द्यायचा. मी दुखण्याला १० पैकी गुण द्यायला सांगते. धावताना ३-४ पर्यंत गेलं, थांबल्यावर उतरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीसारखा असला, तर तेवढा भार त्याला पेलतो. सकाळी जिना उतरताना जास्त दुखलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं. निकाल दुसऱ्या दिवशीची सकाळ देते, धावतानाचा उत्साह नव्हे.

ताकदीचे व्यायाम मात्र चुकवता येत नाहीत. पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच सावकाश खाली टेकवायची आणि परत वर यायचं. हे करताना गुडघा आत झुकत असेल, तर बऱ्याचदा कमजोरी खुब्याजवळच्या स्नायूंत असते. गुडघा हा घरातल्या मधल्या भावासारखा आहे, वरचा खुबा आणि खालचा घोटा कमी पडले की दोघांचं ओझं त्याच्यावर. आपल्या तालमींत पिढ्यान् पिढ्या बैठका काढल्या जातात, आणि शहरातला धावपटू मात्र हजारो रुपयांच्या बुटांत उपाय शोधतो, याचं मला वाईट वाटतं. आठवड्यातून दोन दिवस, निदान तीन महिने, हे काम करावं लागतं. सोबत पावलं थोडी आखूड आणि जलद टाकायची. मिनिटाला १६० पडत असतील तर १६८ करा. तेवढ्यानेही गुडघ्यावरचा ताण कमी होतो.

नी कॅप आणि टेपने तात्पुरता आधार मिळतो, हरकत नाही. पण शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. गुडघा सुजला, अडकला, अचानक निसटला, रात्री झोपेत ठणकला, किंवा एका पायावर उडी मारताना हाडात कळ आली, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

महाराष्ट्रातून आता कितीतरी जण दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्स शर्यतीला जातात. सुमारे ९० किलोमीटर, १२ तासांची मुदत. ज्या वर्षी ती पीटरमारित्झबर्गहून डरबनकडे उतरते, त्या वर्षी गुडघ्यांची खरी परीक्षा असते. तयारी करणाऱ्यांच्या वेळापत्रकात किलोमीटर भरपूर दिसतात, उताराचा वेगळा सराव क्वचितच.

रनिंग ग्रुपच्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे, ताकदीचे दोन दिवस वेळापत्रकात किलोमीटरइतकेच ठळक लिहा आणि लंगडणाऱ्याला त्या दिवशी घरी पाठवा. आणि दुखण्यातून उठून पुन्हा धावायला लागलेल्यांनी आधी सपाट रस्ता धरावा, मग चढ; घाटाचा उतार सगळ्यात शेवटी.