दिवाळीपर्यंत घाट नको

चि. मुक्ता,


रविवारी फोनवर किती हौसेनं सांगत होतीस! दिवे घाट चढून सासवड, तिथून बोपदेवनं खाली, आणि तेही मोठ्या गिअरवर, सीटवरून न उठता. मी नुसतं ‘बरं’ म्हटलं, कारण शेजारी तुझी आई होती. पण रात्रभर डोक्यात तेच. अगं, डेंग्यूतून उठून तुला जेमतेम तीन आठवडे झालेत!

थोडा वेळ जोर, थोडा वेळ आराम असले इंटर्व्हल कधी सुरू करू, असं विचारलंस. दिवाळीनंतर. कारण सांगतो.

पावसाळाभर बंद राहिलेली सायकल पुन्हा सुरू केली की सुरुवातीच्या दहा-पंधरा दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, दम कमी लागतो. ‘पाय मोकळे झाले’ म्हणतेस ते हेच. कंडरांचं तसं नसतं. त्यांना रक्तपुरवठाच कमी, त्यामुळे ताण सोसायची ताकद यायला महिने लागतात. छाती तयार आणि गुडघा कच्चा, अशी ही वेळ. आणि नेमका तेव्हाच घाट खुणावतो. वाटीखाली ‘थोडंसंच’ दुखतंय म्हणालीस ना, ते बहुधा याचंच.

म्हणून पुन्हा सांगतो, हळू चालव. सपाटीवर, लहान गिअरवर, मिनिटाला ८५-९० पेडल, आणि शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच दम. यानं स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागतं, शरीर चरबीवर चालायला सरावतं. तुझी आजी पहाटे तानपुरा घेऊन नुसता षड्ज लावत बसायची, तसंच हे. कुणी मागून येऊन पुढे गेलं की तुझा जीव खालीवर होतो, ठाऊक आहे मला. जाऊ दे त्याला! मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ व्हायचं स्वप्न आहे ना तुझं? मग घाटाच्या पायथ्यापर्यंतचं, खोपोलीपर्यंतचं सगळं अंतर पाय न खर्चता कापता यायला हवं. ते बळ याच कंटाळवाण्या आठवड्यांत येतं, दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

आणि सीट! सर्व्हिसिंगहून आल्यावर सीटपोस्टवर उंचीच्या खुणेसाठी लावलेली लाल इन्सुलेशन टेप क्लॅम्पच्या वर दिसते की आत गेलीय, पाहिलंस का? सीट थोडी जरी खाली बसली तरी गुडघा जास्त वाकतो आणि सगळा भार वाटीवर येतो. बुटांखालचे नवे क्लीटही याच महिन्यात बसवलेस. टाच आत-बाहेर किती वळते ते बघ. ब्रेकपॅडमध्ये अडकलेली वाळू टाचणीनं काढ. बोपदेवच्या वळणांवर पावसानं आणलेली खडी अजून तशीच असेल, आणि तू तिथून सुसाट उतरलीस!

पण खरी काळजी नाडीची आहे. अंथरुणातून उठायच्या आधी तुझी नाडी ५२ असायची, आता ६४ म्हणालीस, आणि ते सांगून लगेच टायरच्या गप्पांवर गेलीस. डेंग्यूनंतर कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज राहते. अशात जोर लावणं जिवावर बेतू शकतं. छातीत धडधड, जिना चढताना धाप, असलं काही आहे का? लपवू नकोस. उद्याच डॉक्टरांकडे जा, ईसीजी काढ आणि कागदाचा फोटो मला पाठव. ते ‘चालव’ म्हणेपर्यंत सायकलला हात लावायचा नाही, सपाटीवरसुद्धा नाही. वर लिहिलेलं सगळं त्यानंतरच. आईला तू सांगतेस की मी फोन करू?

तुझा,
काका