मामाचं विमान

"मामा, खरं सांग, विमान तुझंच आहे ना?"

गेल्या रविवारी सिडकोत बहिणीच्या घरी पोचलो, तर चपला काढायच्या आधीच भाच्याने मला दारात अडवलं. त्याच्या मागे त्याचे दोन मित्र हाताची घडी घालून उभे. झालं होतं असं, की आमच्या चिरंजीवांनी सातवी-ब मध्ये जाहीर करून टाकलं होतं, 'माझ्या मामाचं स्वतःचं विमान आहे!' आणि वर्गाने त्याला थापाड्या ठरवलं होतं.

आता काय सांगू? 'हो' म्हटलं तर ती थाप. 'नाही' म्हटलं तर तेही काही खरं नाही. मी म्हटलं, "आधी पाणी द्या, मग सांगतो." सांगायला दीड तास लागला. तेच तुम्हालाही सांगतो.

माझे बाबा वाळूजला बजाजच्या कारखान्यात इंजिन जोडणीच्या खात्यात होते. रविवारी घरची स्कूटर अंगणात खोलायची आणि तिचे भाग वर्तमानपत्रावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडायचे, हा त्यांचा छंद. माझं काम एकच, मागतील तो पाना हातात द्यायचा. "दहाचा!" "तेराचा!" चुकीचा दिला की ओरडत नसत, नुसते हात तसाच पुढे धरून बसत. त्या काळी चिकलठाण्याला उतरणारं विमान आमच्या गच्चीवरून दिसायचं. बाकीची मुलं म्हणायची, पायलट होणार. मला मात्र प्रश्न पडायचा, याचे भाग मांडायला केवढं वर्तमानपत्र लागत असेल?

तर मी पायलट नाही. मी विमानाचा मेकॅनिक आहे. परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवावा लागतो आणि 'विमान देखभाल अभियंता' असं भारदस्त नाव असतं, पण आई अजून 'मेकॅनिक'च म्हणते. इथून एस.टी.ने चार तासांवर वैमानिक घडवणारी एक संस्था आहे. तिथली छोटी विमानं मी सांभाळतो. त्यातलं एक सेसना १५२, हेच ते 'मामाचं विमान'.

छोटं म्हणजे किती? जेमतेम दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढं. माणसं आणि पेट्रोल धरून उडताना त्याचं वजन जास्तीत जास्त साडेसातशे किलोच्या आसपास. चिकलठाण्याला येतात त्या मोठ्या विमानांना जेट इंजिन असतं आणि त्यात एका प्रकारचं रॉकेलच जळतं. आमच्या विमानाला मात्र तुमच्या बाबांच्या मोटारीसारखंच पिस्टनचं इंजिन. चार सिलिंडर, दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला आडवे झोपलेले. पाण्याची टाकी नाही की रेडिएटर नाही. वाऱ्यानेच ते थंड होतं, अगदी स्कूटरसारखं. बाबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, "अरे, ही तर आपलीच मंडळी!"

पण आपली मंडळी असली तरी नखरे वेगळे, बरं का. पहिली गोष्ट म्हणजे हे विमान अमेरिकन आणि त्याचे नटबोल्ट इंचांत. त्यातला सगळ्यात जास्त लागणारा पाना तीन-अष्टमांश इंचाचा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या किंचित वर. बाबांचा लाडका दहाचा पाना त्या नटवर बसतो, पण सैल बसतो. जोर लावला की नटाचे कोपरे गोल झालेच म्हणून समजा. म्हणून बाबांनी कौतुकाने दिलेला पान्यांचा संच मी आजवर विमानाला लावलेला नाही. तो माझ्या स्कूटरला लागतो.

दुसरी गोष्ट, विमानात प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन स्पार्क प्लग असतात. ठिणगी पाडणारी मॅग्नेटो नावाची यंत्रंही दोन. मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतं, त्याला बॅटरी लागत नाही. उडताना बॅटरी मेली तरी इंजिन चालूच! उड्डाणाआधी इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर आणायचं आणि एकेक मॅग्नेटो बंद करून बघायचं. फेरे थोडे घसरले तर ठीक, पण सव्वाशेपेक्षा जास्त घसरले तर विमान परत हँगरमध्ये. आणि या सोयीची दुसरी बाजूही ऐकून ठेवा. बटण बंद असलं तरी, एखादी तार तुटलेली असेल तर, पुढचा पंखा हाताने नुसता हलवल्यावरही इंजिन उसळू शकतं. उभ्या विमानाच्या पंख्याला हात लावून फोटो काढायचा मोह कुणाला झाला, तर माझी आठवण काढा.

सकाळी साडेसहाला माझा दिवस सुरू होतो तो एका पारदर्शक पेल्याने. टाकीच्या तळाला एक छोटी झडप असते. तिथून थोडं पेट्रोल पेल्यात काढायचं आणि उजेडात धरायचं. रात्री गारवा पडला की अर्धवट भरलेल्या टाकीत आतून दव जमतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं. ते इंजिनात गेलं तर इंजिन गप्प! विमानाचं हे पेट्रोल मुद्दाम निळं रंगवलेलं असतं. पेल्यात निळ्याखाली पांढरा थेंब दिसला की समजायचं, पाणी आहे. आता गंमत सांगतो. पेल्यात सगळंच्या सगळं पाणी आलं तर? थेंब दिसणारच नाही! सगळं कसं स्वच्छ, छान दिसेल. म्हणून 'घाण आहे का' असं नाही बघायचं, 'निळं आहे का' असं बघायचं. (या पेट्रोलमध्ये शिसं असतं, तेव्हा डबा खाण्याआधी हात साबणाने धुवायचे. हे आईही सांगते आणि पुस्तकही सांगतं.) हे पेट्रोल पूर्वी सगळं परदेशातून यायचं. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने बडोद्याला ते बनवायला सुरुवात केली.

मग साळुंक्या. विमान दोन दिवस उभं राहिलं, की इंजिनाच्या पुढच्या भोकांतून आत शिरून त्या घरटं बांधतात. गवत, दोऱ्या, एकदा तर शाळेच्या वहीचं पान. तसंच इंजिन सुरू केलं तर गवत पेट घेणार. म्हणून त्या भोकांना लाल बुचं लावतो. वेग मोजणाऱ्या नळीच्या तोंडावरही टोपी घालतो, कारण कुंभारीण माशीला मातीचं घर करायला नेमकी तीच नळी आवडते. असा एकेक पाहुणा टाळत मी विमानाभोवती रोज एक पूर्ण फेरी मारतो.

पन्नास तास उडालं की तेल बदलायचं, आणि जुन्या तेलात धातूचा कण चमकतोय का तेही शोधायचं. शंभर तास झाले की विमान जवळजवळ उघडंच करायचं. सीट काढायच्या, तळाच्या फळ्या काढायच्या, शेपटीपर्यंत गेलेल्या दोऱ्या बॅटरी आणि आरसा घेऊन तपासायच्या. मग सगळं परत लावायचं आणि लॉगबुकात लिहून सही करायची. लॉगबुकं तीन असतात. एक विमानाच्या अंगाचं, एक इंजिनाचं, एक पंख्याचं. जुनं सेसना एखाद्या मोठ्या मोटारीच्या किमतीत मिळूनही जाईल, पण ते उडतं ठेवायचा खर्च मात्र कधी संपत नाही.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. असंच शंभर तासांचं काम संध्याकाळी संपलं. आमची पद्धत अशी, की भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. काम झालं की हत्यार आपल्या सावलीवर टांगायचं. त्या संध्याकाळी एक सावली रिकामी राहिली. तीन-अष्टमांशचा पाना गायब!

पाना हरवला तर काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. स्कूटरमध्ये राहिला असता तर खडखडला असता, बस्स. पण विमानात तो घरंगळत जाऊन एखाद्या दोरीत अडकला, तर शेपटीचं सुकाणू तिथंच जाम. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलाचं पहिलं एकट्याचं उड्डाण होतं. शेजारी शिक्षक नाही, तो आणि विमान, दोघंच. ते बघायला त्याचे आईवडील जालना जिल्ह्यातल्या गावाहून आले होते. कापूस वेचणीचे दिवस होते, तरी वडील एक दिवस काढून आले होते. आईने आम्हा सगळ्यांसाठी धपाटे आणले होते.

सकाळी आमच्या मोठ्या साहेबांनी फळी बघितली आणि एकच वाक्य बोलले, "पाना सापडल्याशिवाय विमान उडणार नाही." पुन्हा सीट काढल्या, फळ्या काढल्या. मी शेपटीत अर्धा घुसलो होतो. दुपारचे तीन वाजले तरी पाना नाही. तो मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. वडिलांनी दोनदा येऊन विचारलं, "होईल का हो?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. पाच वाजता त्यांना परतीची एस.टी. धरावी लागली, उद्या वेचणीला बायका येणार होत्या. जाताना ते माझ्याशी काही बोलले नाहीत. आईने मात्र उरलेले धपाटे फडक्यात बांधून टेबलावर ठेवले.

रात्री खोलीवर येऊन डब्याची पिशवी उघडली. डबा पुसायच्या फडक्यात पाना! आदल्या दिवशी दुपारी हात पुसता पुसता मीच गुंडाळला असणार.

खरं सांगतो, दहा मिनिटं मी तो हातात धरून बसलो. सकाळी लवकर जाऊन हँगरच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि ओरडायचं, 'सापडला, सापडला!' कोणाला कळणार होतं? विमानाला त्याने काहीच फरक पडत नव्हता. पाना विमानात नव्हता हे तर खरंच होतं ना! पण नोंदवहीत एक रकाना असतो, 'कुठे सापडला'. तिथं एकदा खोटं लिहिलं, तर त्याच हाताने लॉगबुकात 'तपासलं, ठीक आहे' असं लिहिलेलं मी स्वतः तरी खरं कसं मानणार? सकाळी मी लिहिलं, 'माझ्या जेवणाच्या पिशवीत.' साहेबांनी वाचलं, वहीवर सही केली. ओरडले नाहीत. उघडलेलं सगळं विमान मला परत बंद करायला लावलं, एकेक बोल्ट मोजून आवळायला, एकेक तार पिळायला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी हँगरच्या दाराबाहेर एक बाक आला आणि त्याच्यावर पाटी, 'डबे इथे ठेवा'. ती पाटी अजून आहे. नवीन मुलं विचारतात, असा नियम का? मी सांगत नाही, पण दुसरं कुणीतरी सांगतंच.

त्याच दिवशी मुलाने उड्डाण केलं. मी त्याच्या वडिलांना फोन लावला, आधी माफी मागितली आणि मग मोबाइल हवेत धरून उभा राहिलो, विमान डोक्यावरून जाईपर्यंत. "ऐकू आलं का?" विचारलं. "वाराच लई वाजतोय," ते म्हणाले. "उतरला का नीट?" नीट उतरला होता.

"म्हणजे ते विमान तुझं नाहीच!" भाच्याचा एक मित्र म्हणाला. वकील होणार हा. मी म्हटलं, शेपटीजवळ 'व्हीटी'ने सुरू होणारं अक्षर-नाव असतं, भारतातल्या प्रत्येक विमानाचं तसंच असतं. ते संस्थेच्या नावावर नोंदलेलं आहे. पण तीन लॉगबुकांत पानोपान सह्या कुणाच्या? माझ्या.

मग त्यांना राइट बंधूंच्या मेकॅनिकची गोष्ट सांगितली. १९०३ साली विमान उडवलं त्या दोघा भावांनी, पण त्याचं बारा अश्वशक्तीचं इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलरने सहा आठवड्यांत घडवलं. जे.आर.डी. टाटा सगळ्यांना माहीत असतात. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून कराचीहून मुंबईला टपाल आणलं. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केला. त्या जातीची विमानं बनली होती १९३३ ते १९३६ या काळात! जे.आर.डीं.चं वय सगळे सांगतात, पण तेवढं जुनं विमान उडतं ठेवणाऱ्या हातांबद्दल कुणी विचारत नाही. (हे बोलताना मी जरा तावात आलो, बहिणीने चहा आणून ठेवला.)

"मग स्वतःचं विमान असलेलं आपल्याकडे कुणीच नाही?" आहे की! कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. त्याची सरकारी नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि ते उडालं २०२० मध्ये, धुळ्याच्या धावपट्टीवरून. प्रदर्शनापासून आकाशापर्यंत चार वर्षं. एवढी का लागली, असं पोरांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या एका पान्याला तीन दिवस लागले होते, हे तर अख्खं विमान!

दुसरा मित्र इतका वेळ गप्प होता. त्याने शेवटी विचारलं, "आणि वर असताना इंजिन बंदच पडलं तर?" मी सांगितलं, विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत येतं. एक किलोमीटर उंचीवर असेल तर आठ-नऊ किलोमीटर पुढे जाऊन मोकळं शेत गाठता येतं. "पण ती वेळ येऊ नये म्हणूनच पेला," तो म्हणाला. "आणि निळं आहे का ते बघायचं." बरोबर लक्षात ठेवलं होतं पठ्ठ्याने.

दिवाळीच्या सुट्टीत तिघांनाही विमान बघायला न्यायचं ठरलंय. आयांची परवानगी मिळाली आहे, संस्थेची मी काढणार आहे. डबे मात्र बाहेरच्या बाकावर ठेवायचे, हे आत्तापासून बजावून ठेवलंय.