बाई, हा रूळ वाकवला कसा?



आज तुम्हाला एका प्रश्नाची गोष्ट सांगणार आहे. हा प्रश्न माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारला होता आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. उत्तर मिळायला दहा-बारा वर्षं गेली, आणि ते मला त्याच मुलाकडून मिळालं.

तेव्हा आमच्या शाळेची सहल माथेरानला गेली होती. नेरळपर्यंत एसटीने गेलो, तिथून जीपा करून दस्तुरी नाक्यावर पोचलो. पुढे मोटारी नेता येत नाहीत, म्हणून अमन लॉज स्टेशनवर सगळ्या मुलांना माथेरानच्या छोट्या गाडीत बसवायचं होतं. आमच्या दापोली तालुक्यात रेल्वे नाही. दापोलीकरांचं स्टेशन म्हणजे खेड, तेही घाट उतरून जायचं. त्यामुळे बऱ्याच मुलांनी रूळ इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. मुलं माकडांकडे बघत होती. एक मुलगा मात्र खाली बसून रुळावर हात फिरवत होता. मला म्हणाला, "बाई, हा रूळ वाकवला कसा?"

मी म्हटलं, "कारखान्यात वाकवतात. चल उठ, रांग मोडू नकोस."

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. पण "माहीत नाही" असं म्हणायची तेव्हा सवय नव्हती. तो मुलगा पुढे दहावीला गणितात दोनदा नापास झाला. त्याच्या प्रगतिपुस्तकावर "अभ्यासात लक्ष नाही" हा शेरा माझ्याच अक्षरात आहे.

आता गेल्या उन्हाळ्याकडे येते. आमच्या घरामागे विहीर आहे. तिचा जुना कठडा एका बाजूने ढासळला होता. घरात लहान नात, आणि पावसाळ्यात पाणी पार वरपर्यंत येतं. म्हणून विहिरीच्या कडेने लोखंडी पाईपचं रेलिंग करून घ्यायचं ठरवलं. केळसकर नाक्याच्या पुढे एक फॅब्रिकेशनचं दुकान आहे, तिथे गेले. वेल्डिंगचा चष्मा वर करून जो माणूस पुढे आला, तो माझा हाच विद्यार्थी!

"बाई, माप काय?" त्याने विचारलं.

गणिताची शिक्षिका असूनही मला माप सांगता येईना. विहीर अर्धी उघडी, अर्ध्या भागावर पंपघराची स्लॅब. समोरची कड दिसत नाही, त्यामुळे व्यास मोजता येत नाही. वर्तुळाचा मध्य पाण्यावर अधांतरी, त्यामुळे त्रिज्याही मोजता येत नाही. मी म्हटलं, "साधारण चौदा फूट असेल." तो हसला. "साधारणने पाईप बसत नाही, बाई."

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. खिशातून दोरी काढली. विहिरीच्या काठावर दोन खुणा केल्या, त्यांच्यात दोरी ताणली, बरोबर २ मीटर. मग दोरीच्या मध्यावर टेप धरून तिथून काठापर्यंतचं अंतर मोजलं, २५ सेंटिमीटर. वहीत आकडे लिहिले आणि म्हणाला, "झालं."

मी विचारलं, "एवढ्यावरून कळलं तुला?"

"कळतं की. दोरी तेवढीच ठेवायची. मधलं माप जास्त आलं की गोलाई जास्त, कमी आलं की गोलाई कमी. दुकानात जमिनीवर खडूने हीच गोलाई काढतो आणि पाईप तिच्याशी जुळवतो."

मित्रांनो, मी तिथेच उभी राहिले. हे तर आपलं दहावीचं वर्तुळाचं प्रकरण! दोन खुणांमधली दोरी म्हणजे जीवा. काठाचा भाग म्हणजे कंस, म्हणजे चाप. आणि मधलं माप म्हणजे शर. नावं आठवून पाहा. चाप म्हणजे धनुष्य, जीवा म्हणजे धनुष्याची दोरी आणि शर म्हणजे बाण. आपल्या जुन्या गणितज्ञांनी हे चित्र डोळ्यांपुढे ठेवूनच ही नावं दिली. इ. स. ४९९ च्या 'आर्यभटीय' ग्रंथात जीवा आणि शर यांचा संबंध आला आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त तर सरळ रीतच आहे. अर्ध्या जीवेचा वर्ग करा, त्याला शराने भागा, आलेल्या उत्तरात शर मिळवा, की झाला व्यास.

करून पाहू. जीवा २०० सेंटिमीटर, अर्धी जीवा १००. तिचा वर्ग १०,०००. त्याला २५ ने भागलं, ४०० आले. त्यात २५ मिळवले, ४२५. म्हणजे विहिरीचा व्यास सव्वाचार मीटर. जीवांच्या अंतर्छेदनाचं प्रमेय आपण पाठ करतो ना, तेच हे. फळ्यावर ते मी किती वेळा सिद्ध केलं असेल, पण विहिरीच्या काठावर मला ते सुचलं नाही.

दोन दिवसांनी मी मुद्दाम दुकानात गेले. पाईप वाकवताना पाहायचा होता. त्याचं मशीन साधं होतं. खाली दोन रोलर, आणि त्या दोघांच्या मध्ये वर तिसरा. पाईप त्यांच्यामधून घालायचा. वरचा रोलर स्क्रूने थोडा खाली दाबायचा, आणि हँडल फिरवून पाईप या टोकापासून त्या टोकापर्यंत पुढे-मागे न्यायचा. मग पुन्हा थोडा दाब, पुन्हा एक फेरी. मी म्हटलं, "एकदम दाबून टाक की." तो म्हणाला, "मग पाईप चपटा होतो, बाई. आणि दाबला तेवढा वाकलेला राहत पण नाही. लोखंड परत येतं."

लोखंड परत येतं! पुस्तकात याला स्थितिस्थापकता म्हणतात. प्लास्टिकची पट्टी वाकवून सोडा, ती पुन्हा सरळ होते. तार वाकवून सोडा, ती वाकलेली राहते, पण नीट पाहिलं तर तीही थोडीशी मागे आलेली असते. म्हणून हवी त्याहून जरा जास्त गोलाई द्यायची, म्हणजे मागे येऊन ती बरोबर मापावर थांबते. हे 'जरा' किती, ते त्याच्या हाताला कळतं.

काम करता करता तो म्हणाला, "बाई, आठवतं? माथेरानला मी तुम्हाला विचारलं होतं, रूळ वाकवला कसा. तो असाच वाकवत असणार."

मला आठवत होतं. त्या रात्री मी शोधायला बसले. जे सापडलं, ते आता तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे सगळे रूळ मशीनने वाकवावे लागत नाहीत. आपल्या कोकण रेल्वेचंच उदाहरण घ्या. हा मार्ग ताशी १६० किलोमीटर वेगाच्या हिशेबाने आखला, म्हणून त्याची वळणं फार मोठी, त्रिज्या कमीत कमी १२५० मीटर. अशा वळणावर रुळाच्या कडेला २० मीटरची दोरी ताणली, तर मधलं माप किती येईल? फक्त ४ सेंटिमीटर! १३ मीटर लांबीचा एक रूळ घेतला, तर त्याचा शर जेमतेम १७ मिलिमीटर. मोठ्या गाड्यांच्या रुळाचं वजन मीटरला ५२ किंवा ६० किलो असतं, पण इतकंसं वळण तो नुसत्या पहारीच्या रेट्यानेही घेतो. मग स्लीपरला पक्का बसवला की तसाच राहतो. लांबच लांब पट्टी बोटांनी किंचित वाकवून धरावी, तसं.

आता वळण अरुंद करा. समजा त्रिज्या ३० मीटर आहे. त्याच १३ मीटरच्या रुळाचा शर होतो सुमारे ७० सेंटिमीटर. इथे रेटा देऊन भागत नाही. जबरदस्तीने बसवलाच, तर रूळ सतत सरळ व्हायला बघतो, पकडी ओढतो, आणि दोन रूळ जिथे जुळतात तिथे गोलाईऐवजी कोपरा तयार होतो. चाकाची कड त्या कोपऱ्यावर आदळते. म्हणून असा रूळ बसवण्याआधीच कायमचा वाकवून घ्यावा लागतो.

त्यासाठीच्या जुन्या हत्याराला रेल्वेत 'जिम क्रो' म्हणतात. धनुष्यासारखी जाड लोखंडी चौकट, तिच्या दोन टोकांना दोन आकडे आणि मध्ये एक मोठा स्क्रू. आकडे रुळाला एका बाजूने धरतात, स्क्रू दुसऱ्या बाजूने रेटतो. लांब दांडा घालून माणसं स्क्रू पिळतात आणि रूळ तेवढ्या जागी किंचित वाकतो. मग हत्यार थोडं पुढे सरकवायचं, पुन्हा पिळायचं. रूळ तापवत नाहीत, थंडच वाकवतात. मध्ये मध्ये दोरी लावून शर मोजायचा. जास्त वाकला तर हत्यार उलट बाजूने लावून सरळ करायचा. पुढे स्क्रूच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक जॅक आला, आणि कारखान्यांत तीन रोलरची मोठी मशीनं आली. तत्त्व तेच. दोन ठिकाणी आधार आणि मध्ये रेटा. दापोलीच्या दुकानातही मी हेच पाहिलं होतं.

माथेरानच्या गाडीचं सगळंच वळणांवर उभं आहे. सर आदमजी पीरभॉय यांनी हा मार्ग बांधून घेतला आणि १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. नेरळपासून साधारण २१ किलोमीटरचा रस्ता, आणि दोन रुळांत अंतर फक्त दोन फूट. रूळ जवळ असले की अरुंद वळण घेणं सोपं जातं. तेवढ्यावरही भागलं नाही, म्हणून जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल कंपनीकडून वळणावर आस सरकू शकतील अशी खास इंजिनं आणली. इतका डोंगर चढूनही या मार्गावर बोगदा एकच, तोही छोटासा. उलट आपल्या कोकण रेल्वेवर ९० हून जास्त बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा.

असं का? डोंगर समोर आला की दोनच वाटा. रूळ वाकवून डोंगराला वळसा घाला, नाहीतर डोंगर फोडा आणि रूळ जवळजवळ सरळ न्या. माथेरानने रूळ वाकवला, म्हणून गाडी हळू चालते. कोकण रेल्वेला वेग हवा होता, म्हणून सह्याद्रीच्या पोटातून वाट काढली. तो ४ सेंटिमीटरचा शर आपल्याला फुकट मिळालेला नाही. त्यासाठी कितीतरी माणसं वर्षानुवर्षं बोगद्यांत राबली, आणि काहींनी प्राणही गमावले. खेडला गाडीत बसताना आता मला हे आठवतं.

विहिरीचं रेलिंग बसवायला तो आला, तेव्हा मी त्याला चहा दिला आणि वहीत ती रीत लिहून दाखवली. म्हटलं, "हे बघ, तू जे दोरीने करतोस, ते दहावीच्या पुस्तकात आहे. तुला आधीपासून येत होतं."

त्याने वही बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "हे पुस्तकात होतं? मग तेव्हा दोरी का नाही दिलीत, बाई?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याने सहज विचारलं, आणि या वेळी मी खरं उत्तर दिलं, "मलाच सुचलं नाही रे." रेलिंग मात्र विहिरीच्या काठावर असं बसलं, की कुठे बोटभरही फट राहिली नाही.

या वर्षी वर्तुळाचं प्रकरण मी वर्गात सुरूच केलं नाही. मुलांना दोरी आणि टेप दिली आणि मैदानात नेलं. तुम्हीही करून पाहा.

१. घरातली ताटली, सायकलचं चाक, विहिरीचा काठ, यांपैकी एका गोलाच्या कडेवर दोन खुणा करा. त्यांच्यातलं सरळ अंतर मोजा. ही जीवा.

२. जीवेच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजा. हा शर. (विहिरीजवळ मोठं माणूस सोबत हवंच.)

३. अर्ध्या जीवेच्या वर्गाला शराने भागा, त्यात शर मिळवा. आलेला व्यास प्रत्यक्ष मोजून ताडून पाहा. ताटली आणि चाकावर जमलं, की जिथे मोजता येत नाही तिथे वापरा.

४. जीवा तीच ठेवून मोठ्या आणि लहान गोलावर शर मोजा. कुठे जास्त येतो? का?

आणि शिक्षक मित्रांनो, आपल्यासाठी एवढंच. सहलीत एखादं मूल रांग मोडून खाली बसलं, तर क्षणभर त्याच्याशेजारी बसा. ते काय विचारतंय ते ऐका. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, आपण शोधू" असं म्हणा. मी ते म्हटलं असतं, तर त्या प्रगतिपुस्तकावर कदाचित दुसरा शेरा असता.